अभ्यास पुरे झाले म्हणे!

पावसाळा सरत आला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पाण्याचा विषय निघतो आणि कुणीतरी दुखावल्याशिवाय संपत नाही. आमचे गाव कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर आहे. पंधरा ऑक्टोबरला मराठवाड्यातील जायकवाडी धरणात किती पाणी आहे हे पाहून वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही हे ठरते. त्यामुळे आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या फराळाबरोबर हा वादही वाढला जातो. या वेळी धाकट्या भावाने एका सभेतील भाषणाचा मजकूर पाठवला. त्यात म्हटले होते की कोकणातील नद्यांचे पाणी दरवर्षी समुद्रात वाया जाते, ते सह्याद्रीच्या पूर्वेला वळवले की नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातील भांडण कायमचे मिटेल, आणि आता अभ्यास पुरे झाले, कृती हवी. भावाने खाली लिहिले होते, ‘ताई, बोल आता.’ बोलण्यासारखे इतके होते की ते तिथे मावले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये राहते. कोरड्या वर्षी या शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी मरे नदीतून उपसून आणावे लागते, आणि ही नदी आमच्यापर्यंत पोहोचते ती तीन राज्यांनी आपापला घास घेतल्यानंतर. मरे-डार्लिंग खोरे दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ साडेतीनपट आहे. त्या सगळ्या खोऱ्याच्या आम्ही टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहोत. माहेरी मी हेडची, वरच्या बाजूची. इथे मात्र वरच्यांच्या मर्जीवर डोळे लावून बसणाऱ्यांपैकी. दोन्हीकडची भाषा मला कळते आणि बहुधा म्हणूनच दोन्हीकडच्यांना माझे बोलणे खपत नाही.

‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ या कल्पनेचे पुढे काय होते, हे आमच्याकडे मरेच्या मुखाजवळच्या गूलवाला गेलेल्या कुणीही पाहिले आहे. मरेचे पाणी वर इतके अडवले आणि वळवले गेले की १९८१ साली नदीचे मुखच वाळूने बंद झाले. २००२ ते २०१० या काळात ते उघडे ठेवण्यासाठी गाळ उपसणारी यंत्रे चालवावी लागली आणि २०१५ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. नदीने स्वतःच्या बळावर समुद्राला मिळावे म्हणून जे पाणी लागते, ते वर कुठेतरी ‘वाचवले’ गेले होते. त्याची भरपाई डिझेल जाळून करावी लागली. नदी समुद्रात फक्त पाणी नेत नाही, ती खोऱ्यातील मीठही बाहेर नेते. ते बाहेर पडले नाही तर शेतात, तळ्यांत आणि शेवटी नळात येते. इथे मॉर्गन या गावाजवळ पाण्याची क्षारता रोज मोजली जाते आणि वर्षातील पंच्याण्णव टक्के काळ ती ८०० ईसीच्या (क्षारता मोजण्याचे एकक) आत राहावी असे उद्दिष्ट राज्याराज्यांनी मिळून ठरवलेले आहे. नगर जिल्ह्यातील माणसाला क्षारपड जमीन म्हणजे काय हे शिकवावे लागू नये. दख्खनच्या कालव्यांखाली पाणथळ आणि खारट होत चाललेल्या जमिनींचा अभ्यास क्लॉड इंग्लिस यांनी १९२०च्या दशकातच केला होता, आणि पुढे त्यांनीच खडकवासल्याची जलसंशोधन संस्था नावारूपाला आणली. अर्थात अभ्यास पुरे झाले म्हणणाऱ्यांनी तो अभ्यास वाचला असेल असे समजण्याचे कारण नाही.

भावाचा पुढचा मुद्दा असा असतो की तुमच्याच देशाने डोंगराच्या पलीकडचे पाणी अलीकडे आणले की! ते खरे आहे. स्नोई पर्वतरांगांमधून समुद्राकडे उतरणारे पाणी बोगद्यांतून आतल्या बाजूला, मरे आणि मरमबिजीच्या खोऱ्यांत वळवण्याचा प्रचंड प्रकल्प १९४९ ते १९७४ या काळात उभा राहिला. सोळा धरणे, सात वीजकेंद्रे, आणि तीसहून अधिक देशांतून आलेले एक लाख कामगार. इथल्या शाळेत हा प्रकल्प राष्ट्रउभारणीची कथा म्हणून शिकवतात आणि त्यातील अभियांत्रिकीपुढे मीही मान तुकवते. परंतु त्या कथेची दोन पाने भाषणात येत नाहीत. पहिले असे की जिंडाबाइन धरणाच्या खाली स्नोई नदीत मूळ प्रवाहाच्या जेमतेम एक टक्का पाणी उरले. खाली राहणाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर २००२ साली सरकारांनी एकवीस टक्के पाणी टप्प्याटप्प्याने परत देण्याचे मान्य केले, आणि त्यासाठी पुन्हा सार्वजनिक पैसाच ओतावा लागला. दुसरे पान आमच्यासाठी अधिक महत्त्वाचे. स्नोईचे पाणी वळवताना ते डोंगरातून शेकडो मीटर खाली पडते आणि पडताना वीज देते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला. पाणी पश्चिमेला सोडले तर वीज मिळते आणि पूर्वेला चढवायचे तर वीज खर्च होते. घाटमाथ्यावर जिथे वळण बंधारे बांधून पाणी आपसूक पूर्वेला वळते त्या लहान प्रवाही योजनांची गोष्ट वेगळी, त्या स्वस्त आहेत आणि व्हायला हव्यात. पण दमणगंगा-एकदरे-गोदावरीसारख्या ज्या मोठ्या जोडप्रकल्पांची नावे सभांतून घेतली जातात, त्यांचा मुख्य प्रश्न उपशाचा आहे, आणि वीजबिलाअभावी बंद पडलेल्या उपसा योजना मराठी शेतकऱ्याने आधीच पुरेशा पाहिल्या आहेत.

इथे मला दरवेळी कोयना आठवते. कृष्णा खोऱ्यातील, म्हणजे निसर्गाने पूर्वेला धाडलेले पाणी आपण कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला सोडतो. कृष्णेच्या पाणीवाटप लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मुभा दिली आहे. टाटांची धरणे भीमेच्या खोऱ्यात हेच करतात, आणि त्यांतील मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रह केला होता. म्हणजे राज्याच्या एका टोकाला पूर्वेचे पाणी पश्चिमेला टाकून वीज करायची आणि दुसऱ्या टोकाला ती वीज जाळून पश्चिमेचे पाणी पूर्वेला चढवायचे. कोयनेच्या विजेची राज्याला गरज आहे हे मला मान्य आहे, आणि सायंकाळच्या मागणीच्या वेळी ती कुठून आणणार या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. पण या दोन्ही गोष्टींचा एकत्र हिशेब मांडून तो लोकांसमोर ठेवणे म्हणजेच अभ्यास, आणि तो पुरा झाला असेल तर कोणत्याही भाषणात कसा येत नाही?

जायकवाडीचीच गोष्ट घ्या, कारण सगळे भांडण तिथून सुरू होते. हे धरण आखताना पैठणपर्यंत गोदावरीत सुमारे १९६ टीएमसी पाणी उपलब्ध आहे असे धरले गेले आणि त्यातून वरच्यांचा आणि खालच्यांचा वाटा ठरला. नंतरच्या फेरअभ्यासांत ते पाणी त्याहून बरेच कमी भरले. दरम्यान वर धरणे झाली, कालवे झाले, शहरे वाढली, आणि १०२ टीएमसीचे पसरट, उथळ जायकवाडी मराठवाड्याच्या उन्हात वाफ होऊ देत अनेक वर्षे अर्धेमुर्धेच भरत राहिले. नाशिकचा शेतकरी चोर नाही आणि पैठणचा शेतकरी भिकारी नाही. दोघांनाही एका चुकलेल्या बेरजेचे वारस करून एकमेकांसमोर उभे केले गेले आहे. अभ्यास पुरे झाल्याचे सांगणाऱ्यांना मला विचारायचे आहे की अभ्यास अपुरा राहिल्यामुळे जे भांडण जन्माला आले, ते अभ्यास थांबवून कसे मिटेल?

आणि जे अभ्यास पुरे झाले त्यांचे काय झाले? माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला, राज्याची पंचवीस उपखोऱ्यांत विभागणी करून कुठे तूट आहे आणि कुठे विपुलता आहे हे मांडले. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, तो देशात पहिलाच होता. त्यात तुटीचा भार खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावा असे तत्त्व आहे. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ साली त्या तत्त्वाला आकड्यांचे रूप दिले, आणि जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचे हा निकष तिथून आला. म्हणजे कायदा आहे, संस्था आहे, सूत्र आहे. तरीही २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधल्या काळात मोर्चे, न्यायालय आणि नदीकाठच्या पंपांची वीज तोडण्याची तयारी. सूत्राचा फेरविचार करून टक्केवारी कमी करण्याची शिफारस नव्या अभ्यासगटाने केली, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले आणि मराठवाड्यात निषेध झाला. अहवालातील तक्ते किती जणांनी उघडून पाहिले असतील, कोण जाणे.

आता माझ्या बोलण्यातला ‘आमच्याकडे बघा’ हा सूर भावाला झोंबतो हे मला ठाऊक आहे, आणि तो सूर येतो हेही नाकारत नाही. कारण बघण्यासारखे काही खरोखरच आहे. १८६५ साली जॉर्ज गॉयडर या इथल्या सर्व्हेअर जनरलने, म्हणजे सरकारी मोजणी प्रमुखाने, दुष्काळी भागातून घोड्यावरून फिरून, झाडाझुडपांची जात बदलते तिथे नकाशावर एक रेघ ओढली आणि सांगितले की हिच्या उत्तरेला गव्हाच्या भरवशावर राहू नका. पुढे काही वर्षे पाऊस बरा झाला, ‘नांगरामागे पाऊस येतो’ असे म्हणणारे पुढारी झाले, रेघ गुंडाळून ठेवली गेली. मग १८८०च्या दशकातील कोरड्या वर्षांनी तिथली वस्ती उठवली. हॅलेट गावाच्या पुढे गाडी नेली की दगडी घरांच्या उभ्या भिंती आजही दिसतात. इथल्या आधुनिक जलसंशोधन संस्थेला त्या गॉयडरचेच नाव दिले आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आपण साखर कारखाने कसे वाटले हे आठवून मी त्या भिंती पाहते. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवून ठेवले आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. अशी एखादी रेघ आपणही ओढली असती तर तिच्या पलीकडे किती धुराडी उभी असती!

मात्र इथली सगळी गोष्ट भावाला सांगायची तर तीही नीट सांगायला हवी. सहस्रकाच्या वळणावरील दुष्काळात पंतप्रधान आणि राज्यप्रमुखांनी सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेला संपूर्ण खोऱ्याचे पाणी मोजायला लावले. अठरा भागांचे अहवाल २००८पर्यंत आले, प्रत्येकात हवामानबदलानंतर प्रवाह किती घटू शकतो हेही होते. त्याच्या पुढच्या टप्प्यात, २०१० साली, नदीसाठी तीन ते चार हजार गिगालिटर पाणी राखावे असा मार्गदर्शक आराखडा आला, तेव्हा ग्रिफिथ या शेतीच्या गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती भर रस्त्यात जाळल्या. मला ते दृश्य टीव्हीवर पाहताना परके वाटले नाही. टोप्या बदलल्या असत्या तर तो आमचाच तालुका होता. अखेर २०१२च्या आराखड्यात आकडा २,७५० गिगालिटरवर आला, म्हणजे सुमारे ९७ टीएमसी, जवळपास एक भरलेले जायकवाडी. दक्षिण ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१९ साली स्पष्ट म्हटले की हा आकडा विज्ञानाने नव्हे, राजकारणाने ठरला आणि हवामानबदलाचा विचार बाजूला ठेवला गेला. त्याच उन्हाळ्यात मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीच्या पात्रात लाखो मासे मरून पांढरे पट्टे पडले. पाण्याचे हक्क जमिनीपासून सुटे करून बाजारात विकायला ठेवल्यामुळे ज्यांच्याकडे शेत नाही अशा गुंतवणूकदारांनीही ते घेतले. आणि ज्या न्गॅरिंजेरी लोकांची ही नदीमुखाजवळची भूमी, त्यांना विचारण्याची वेळ सर्वांत शेवटी आली.

तेव्हा इथे माणसे शहाणी आहेत आणि तिथे नाहीत असे मी म्हणत नाही. फरक मला एवढाच दिसतो की इथे आकडा वाकवला गेला तेव्हा तो वाकवला हे सिद्ध करण्यासाठी आधीचा सरळ आकडा छापील स्वरूपात उपलब्ध होता, आणि कुणीही तो उघडून दाखवू शकत होता. दुष्काळात मरमबिजीच्या भातशेतकऱ्यांना त्यांच्या हक्काच्या पाण्याचा वाटा किती टक्के मिळणार हे जाहीर केले जात असे. तो शून्याजवळ गेला आणि ज्या देशात बऱ्या वर्षी दहा लाख टनांहून अधिक भात होतो तिथे २००८ साली वीस हजार टनांच्या आसपास पीक आले. शेतकरी रडले, काहींनी शेती विकली. पण भात लावून ठेवून नंतर पाण्यासाठी नदी रोखून धरण्याची वेळ आली नाही. आपल्याकडे ऊस आधी उभा राहतो आणि तोच पुढे मागणीचे कारण होतो.

यावर भावाने दिलेले उत्तर मी इथे पूर्ण देते, कारण ते कापले तर माझाच युक्तिवाद खोटा ठरेल. तो म्हणाला, ‘ताई, तुझ्या शहराने समुद्राचे पाणी गोड करायचा कारखाना काढला, पैसे होते म्हणून. शंभर गिगालिटरचा. आमच्या कोपरगावात उन्हाळ्यात प्यायचे पाणी कित्येक दिवसांनी येते, कालवा दाराशी असून. आमचे हमीच्या पाण्याचे ब्लॉक गेले, आवर्तने कमी झाली, कालवा शंभर वर्षांचा होऊन फुटतो. तुमच्या भातवाल्यांना पाणी नाही मिळाले तर ते आपला हक्क विकून मोकळे होतात. मी काय विकू? उसाला निदान दर ठरलेला असतो आणि कारखाना घेऊन जातो. सोयाबीनचे काय होते हे तू बातम्यांत वाचतेस, मी बाजार समितीत उभा राहून बघतो.’ यातले एकही वाक्य चूक नाही. मी जे मोजमाप मागते ते मोजून झाल्यावर त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न माझ्या परदेशी तुलनेत नेहमी गाळला जातो. इथे सरकारने नदीसाठी पाणी शेतकऱ्यांकडून विकत घेतले, त्यावर अब्जावधी डॉलर खर्चले. तिथे आपण ‘समन्यायी’ हा शब्द वापरतो आणि भरपाईचे नावही काढत नाही.

गंमत अशी की इथल्या लोकांसमोर मी नेमकी उलटी बाजू घेते. एका व्याख्यानानंतर चहाच्या वेळी कुणीतरी सहानुभूतीने म्हणाले की भारतात पाण्याचे व्यवस्थापन असे काही नसेलच, तेव्हा मी त्यांना दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाबद्दल इतके ऐकवले की त्यांचा चहा गार झाला. तिथे १९९०च्या दशकापासून, समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांची सुरुवात टेलच्या शेतकऱ्यांनी केली, पाणी घनमापाने मोजून घेतले, आणि पुढे सबंध प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. पुरंदरमधील नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर माणशी पाणी वाटून उसाला बंदी घातली होती, हेही सांगितले. भूजल सर्वेक्षण यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, हेही. हे सगळे मला माहीत आहे आणि इथे बसून मी ते छाती फुगवून सांगते. मग भावाशी बोलताना मात्र मला फक्त गॉयडरची रेघ का आठवते? माझा देश कोणता यावर नव्हे, मी कुणासमोर उभी आहे यावर माझे उदाहरण ठरते, आणि दोन्ही ठिकाणी मी निवडूनच आणते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सारे लिखाण फुकटच्या सल्ल्यात जमा होईल. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझे नाव लागले. हक्कसोड मी केलेली नाही; भावाने मागितलेली नाही आणि मी दिलेली नाही. त्या हिश्शात ऊस आहे. कारखान्याचा हिशेब झाला की भाऊ माझा वाटा न चुकता बँकेत भरतो, आणि मी तो नाकारत नाही. मराठवाड्याला पाणी सोडा असे मी म्हणते तेव्हा माझ्याच उसाची एक पाळी मी देऊ करते, हे खरे. पण त्यावर माझे घर चालत नाही, हेही खरे. इथल्या नागरिकत्वामुळे विधानसभेला मला मत नाही. मात्र पाणीवापर संस्थेची सभासद यादी जमिनीच्या धारकांची असते, आणि त्या यादीत आमच्या चारीवरील नावांमध्ये माझेही नाव आहे. पाण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात मला बोलण्याचा काही अधिकार उरला असेल तर तो एवढाच.

संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पाणी हेक्टरी आकारणीऐवजी मोजून घ्यायचे का, यावर चर्चा आहे. भावाने माझ्या सहीचे पत्र मागितले आहे, कारण बाहेरगावच्या धारकांमुळे सभा तहकूब होत राहते. पत्र मी पाठवले आहे. त्यात लिहिले आहे की माझ्या हिश्शाचे पाणी मीटरवर मोजून द्यावे, चारीवरील मोजणीचे आकडे दर आवर्तनानंतर सोसायटीच्या फळ्यावर लावावेत, आणि सध्याचा खोडवा तुटल्यावर माझ्या हिश्शात पुन्हा ऊस लावू नये; त्यामुळे येणारी तूट माझ्या वाट्यातून वजा करावी. पहिल्या दोन गोष्टी सभेपुढे मांडतो असे भावाने कळवले आहे. तिसरीबद्दल त्याचे म्हणणे असे की बांधाला बांध लागून असलेल्या शेतात एकट्या तुकड्यापुरते पीक बदलता येत नाही, आणि हे मला तिथे राहत असते तर कळले असते.